एका ओळीत उत्तर

"मूठ उघड," सर म्हणाले. "अजून. पूर्ण उघड."

माझ्या बापाने मूठ उघडली. सरांनी त्याचं मनगट धरलं, तळहात उन्हाकडे वळवला आणि अंगणात उभ्या असलेल्या बारा विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसे सगळे वाकून बघायला लागले. अंगठ्याखालचा घट्टा. करंगळीखालचा घट्टा. विळ्याने कधीतरी कापलेलं, वाकडं जुळलेलं बोट. एकाने कॅमेरा काढून फोटो घेतला.

"नीट बघून ठेवा," सर म्हणाले. "असा पुरावा दफ्तरात मिळत नाही."

बाबा हसत होता. पाहुणे आलेत, त्यांना आपलं काहीतरी आवडलंय, एवढंच त्याला कळत होतं. त्याने हळूच मला विचारलं, "काय बगतात गो?"

"कायी नाय. घट्टे बगतात."

"मंग पाय बी दाखवू का? पायाला जास्त हायत."

हे मी सरांना सांगितलं नाही. सरांना आमची बोली कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही वाटत नसे. त्यासाठी मी होते. मुंबईच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना सर 'तुम्ही' म्हणत. माझ्या साठीला टेकलेल्या बापाला 'तू'.

मी बाजूला फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते. बावीस वर्षांची. पालघरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, आमच्या पाड्यावरची पहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात बापाचा होता आणि तो दाखवायला माणसं घेऊन आलेली मी. मला लाज वाटली. खरं सांगते, सरांची नाही वाटली. बापाची वाटली. त्याच्या लंगोटीची, त्याच्या त्या हसण्याची. ही लाज अजून माझ्याजवळ आहे आणि ती कुणी काढून घ्यावी असं मला वाटतही नाही.

सर आर्थिक इतिहासकार होते. मोठे. राजे कोण आणि लढाया कुठे यापेक्षा कोण काय पिकवत होतं, ते कोण घेऊन जात होतं आणि का, हे शोधणं म्हणजे आर्थिक इतिहास, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचं पहिलं पुस्तक आमच्या भागातल्या गवतावर होतं. इथल्या डोंगरांवरचं गवत गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांत कसं गेलं, ते. माझा आजा जन्मभर ते गवत कापत होता. कुणीतरी शिकलेल्या माणसाने ते पुस्तकात घातलं, म्हणून कॉलेजात मी ते दोनदा वाचलं आणि भारावून गेले. जमीनदारांच्या जुलमावर त्यांनी लिहिलं, आणि त्यापायी त्यांच्याच नात्यातल्या वाडीवाल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हे मी नाकारणार नाही. खोटं बोलून मला कुणाशी भांडायचं नाही.

दुसरं पुस्तक डोंगरी घरांच्या जमिनींवर व्हायचं होतं. त्या जमिनी गेल्या कशा, हा प्रश्न. त्यासाठी तीन हिवाळे सर पाड्यापाड्यांवर फिरले. ते आणि विद्यार्थी केळव्याला एका वाडीत उतरायचे. सकाळी जीप निघायची. मी पालघरहून एस.टी.ने यायची आणि फाट्यावर जीपची वाट बघत थांबायची. माझं काम सोपं. आमच्या बोलीत विचारायचं, शुद्ध मराठीत लिहायचं.

फॉर्म सरांनी बनवला होता. डावीकडे प्रश्न. उजवीकडे एक ओळ. उत्तर त्या ओळीत मावलं पाहिजे.

"ओळीबाहेर गेलं की कोष्टकात बसत नाही," सर सांगायचे. "आणि कोष्टकात बसत नाही ते इतिहासात बसत नाही."

तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

अकरावा प्रश्न असा होता: 'वरकस जमीन पडीक आहे काय? असल्यास कधीपासून सोडली?' वरकस म्हणजे डोंगरउतारावरची, भाताला न चालणारी, निव्वळ पावसाच्या भरवशावरची जमीन. आम्ही तिला माळ म्हणतो. आता बघा, प्रश्नातच 'सोडली' येऊन बसलेलं. उत्तराला फक्त साल सांगायचं उरलं होतं.

त्या दिवशी हात बघून झाल्यावर विद्यार्थी आंब्याखाली डबे उघडून बसले आणि मी बापाला अकरावा प्रश्न विचारला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची पोर नव्हेच.

"तुला ठावूक नाय?"

"ठावूक हाय. पन तुझ्या तोंडून लिवायचा हाय."

मग तो उकिडवा बसला आणि काटकीने धुळीत चौकोन काढत बोलायला लागला. "पयल्या वर्साला नागली. दुसऱ्याला वरई. तिसऱ्याला खुरासनी. मंग माळ थकतो. मानूस थकतो तसा. मंग त्याला निजवायचा आन दुसरा जागा करायचा. निजलेल्या माळावर कोनी नांगर घालत नाय. कोनाचा माळ कुठं निजलाय, ते सगल्यांना ठावूक असतं. कुड्याचा झाड कमरेला लागला का समजायचा, आता जागा व्हनार."

त्यापुढचंही त्याने सांगितलं, आणि ते आमच्या घरचं होतं. कुठल्याही माळावर नवी नागली, म्हणजे नाचणी, निघाली की पहिली मूठ घरात येत नाही. ती निजलेल्या माळावर नेऊन टाकायची. लहानपणी ते काम माझं होतं.

"निजला म्हनून काय उपाशी ठेवायचा?" बाबा म्हणाला. "मोप वर्सांनी उठंल, तवा इचारंल ना, माजी आठवन होती का?"

मी माझ्या शाळेच्या वहीत सगळं लिहिलं. चार पानं झाली. नंतर फॉर्मची ओळ बघितली. वही घेऊन मी जीपजवळ गेले. सर पाणी पीत होते.

"सर, हे एका ओळीत बसत नाही. जमीन सोडलेली नाही. पाळीने विश्रांती देतात. माझ्या वडलांनी..."

सरांनी घड्याळ बघितलं. रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत.

"तू या घरातली आहेस म्हणून तुला तसं वाटतं," ते म्हणाले. "तू मदतनीस आहेस. साक्षीदार नाहीस. एका ओळीत लिही."

मी लिहिलं. निळ्या शाईने. 'होय. सुमारे सहा वर्षांपासून सोडली.' सरांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, "शाबास."

त्या शाबासकीवर मी कितीतरी दिवस तरंगत होते. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर सगळं पाप सरांच्या माथी मारून मी मोकळी होईन. त्यानंतरच्या कुठल्याही पाड्यावर मी सरांना विचारायला गेले नाही. समोरचा म्हातारा निजलेल्या माळाची गोष्ट सुरू करायचा, आणि तो खुरासणीपर्यंत पोचायच्या आत मी ओळ लिहून मोकळी झालेली असायची. सोडली. सोडली. सोडली. मी हुशार झाले होते.

पुस्तक आलं आणि गाजलं. सरांना परदेशातून बोलावणी आली, पुरस्कार मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. तोवर मी बोईसरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप कारखान्यांत. पोरं आपसात हिंदीत भांडायची आणि माझ्याशी मराठीत गोड बोलायची. वारा फिरला की खिडकीतून औषधासारखा उग्र वास यायचा आणि आम्ही पाढे म्हणत राहायचो. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी पालघरला लायब्ररीत गेले आणि काचेच्या कपाटातून ते पुस्तक काढून घेतलं.

आधी आभाराचं पान बघितलं. कोण बघत नाही? वाडीच्या मालकांचं नाव होतं. बारा विद्यार्थ्यांची नावं होती. जीपच्या ड्रायव्हरचंही होतं, आणि ते असायलाच हवं, भला माणूस. शेवटी होतं: 'आणि दुभाष्याचे काम करणारी एक स्थानिक मुलगी.'

मग सातवं प्रकरण. 'डोंगरी कुटुंबांनी आपल्या वरकस जमिनी बऱ्याच अंशी आपण होऊन सोडल्या.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. पुस्तक बंद करून परत कपाटात ठेवलं आणि लायब्ररीच्या बाईंना म्हटलं, छान आहे.

पण चैन पडेना. शनिवार आला की मी लायब्ररीत. सरांच्या एका विद्यार्थ्याचं पुस्तक आलं होतं. त्यात लिहिलेलं: या कुटुंबांना जमिनीची ओढ कमी होती. खाली तळटीप, तळटिपेत सरांचं नाव. त्या पुस्तकाचा आधार घेऊन तिसऱ्या एकाने लिहिलं: भटकणं हा यांचा स्वभावच. माझी एक ओळ पुस्तकापुस्तकांतून अशी मोठी होत चालली होती. बोट धरून चालायला मीच शिकवलेली. मी हातात पेन घेऊन सरांना पत्र लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले. पुस्तकातलं भांडण पुस्तकात राहील, आपल्या माळावर थोडंच येणार आहे, असं मनाला समजावलं.

ते माळावर आलं.

डोंगरावरच्या जमिनी कोण कसतं, कधीपासून कसतं, याची चौकशी निघाली. ज्याचा माळ त्याच्या नावावर होईल असं सगळे बोलत होते. बाबाने त्या दिवशी धुतलेला सदरा घातला आणि आम्ही दोघं पालघरच्या कचेरीत गेलो. टेबलापलीकडचा अधिकारी तरुण होता, वाचणारा होता. त्याने बाबाला 'अहो' म्हटलं. मला बरं वाटलं.

"माळ सलग कसलेला नाही," तो म्हणाला. "मध्ये बरीच वर्षं पडीक. तुम्ही लोकांनी आपणहून सोडलेल्या जमिनी आहेत या."

"सोडला नाय साहेब," बाबा म्हणाला. "निजवला."

अधिकाऱ्याने फायलीतून झेरॉक्स काढली. सातवं प्रकरण. वाक्याखाली लाल रेघ. "हे मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलंय. आणि तेही तुमच्याच लोकांना विचारून." छापलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

"काय लिवलंय?" बाबाने मला विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"ह्या त्यांना कोनी सांगला?"

वाक्याच्या खाली बारीक अक्षरात मुलाखतींचे क्रमांक होते. पहिला क्रमांक आमच्या पाड्याचा. आमच्या अंगणातला. मला तो पाठ होता, कारण त्यावर शाबासकी मिळाली होती.

"मी लिवला, बाबा," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने मान वर केली. बाबा उठला. आम्ही बाहेर आलो. पायऱ्या उतरून तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "निजलेल्याला तू मेला म्हनून लिवलास."

बापाने आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला असता तर बरं झालं असतं. त्या वर्षी नागली निघाली तेव्हा पहिली मूठ त्याने स्वतः नेऊन टाकली. मी दारात उभी होते. त्याने मला हाक मारली नाही.

थोड्याच दिवसांत मला शाळेच्या पत्त्यावर निमंत्रण आलं. पालघरमध्ये सरांचा सत्कार होता. त्यांना पुष्पगुच्छ मी द्यावा, अशी आयोजकांची इच्छा. खाली पेनने लिहिलेलं: 'शक्यतो पारंपरिक वेषात यावे.'

मी शाळेत नेसते तीच साडी नेसून गेले. पिशवीत जुनी वही होती. बापाला मी म्हटलं होतं, चल. तो का आला मला माहीत नाही, पण आला. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी दाराशीच उभा राहिला.

कार्यक्रमाआधी सर मागच्या खोलीत चहा घेत होते. थकले होते. मला ओळखलं, जवळ बसवलं. मी सगळं सांगितलं. माळ, कचेरी, लाल रेघ. म्हटलं, "सर, एक पत्र द्या. ते वाक्य चुकलं एवढंच लिहा. तुमचा शब्द तिथे चालतो."

सरांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर असेलही."

असेलही! मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यांना कळलं होतं, आणि कळूनही ते कप खाली ठेवत नव्हते.

"पण पुस्तक आता माझ्या एकट्याचं राहिलेलं नाही," ते म्हणाले. "त्यावर कितीजणांचं काम उभं आहे. एका माळासाठी तो पाया हलवायचा? आणि तुझ्याकडे पुरावा तरी काय आहे?"

"पुरावा तुम्ही दाखवला होता, सर. बारा जणांना. मनगट धरून."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं. ज्या दिवसाने माझी झोप उडवली, तो त्यांच्या आयुष्यात घडलाच नव्हता.

सभागृहात भाषणं झाली. सरांनी उभ्या केलेल्या पिढ्या, सरांनी बदललेली दृष्टी. माझं नाव न घेता मला वर बोलावलं. मी पुष्पगुच्छ दिला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माईकमध्ये सांगितलं, "ही माझी दुभाषी. हिच्यामुळे मला डोंगर ऐकू आला." टाळ्या. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या बोलीत दोन शब्द बोल. फार गोड बोली आहे."

मी पिशवीतून वही काढली.

"पयल्या वर्साला नागली," मी वाचायला सुरुवात केली. "दुसऱ्याला वरई. तिसऱ्याला खुरासनी. मंग माळ थकतो."

पहिल्या रांगेतले लोक कौतुकाने हसले. दुसऱ्या पानावर हसणं थांबलं. तिसऱ्या पानावर आयोजक जवळ येऊन पुटपुटले, "बाई, आवरतं घ्या." मी आवरलं नाही. चार पानं वाचली. एक शब्द गाळला नाही. मग शुद्ध मराठीत म्हटलं, "माझ्या वडलांचं हे उत्तर मी एका ओळीत लिहिलं: 'सोडली.' ते खोटं होतं. ती माझी चूक. ती ओळ खोटी आहे हे सांगूनही ती पुस्तकात घातली, ही सरांची. माझी मी आज दुरुस्त करते आहे. सरांनी त्यांची करावी."

"बस," सर हळू आवाजात म्हणाले. "पुरे."

आणि दारातून बापाचा आवाज आला, शेतात हाक मारावी तसा मोठा.

"वरईत उडीद बी टाकतात! त्यो ऱ्हायला!"

कुणीतरी खुदकन हसलं. मी हसले नाही. खरंच राहिला होता. चार पानं लिहूनही राहिलाच होता. मी माईकसमोर उभ्या उभ्या पेन काढलं, वही पोडियमवर ठेवली आणि लिहिलं: वरईत उडीद. माईक बंद झाला होता. मला लिहायला माईक लागत नव्हता.

पेपरात पुष्पगुच्छाचा फोटो आला. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, वाक्य जिथल्या तिथे. शाळेतून मला समज मिळाली. कचेरीतला तो वाचणारा अधिकारी म्हणाला, "बाई, फॉर्मवर तुमचंच हस्ताक्षर आहे. खोटं लिहिलं असं तुम्ही जबाबात म्हणालात तर तुमच्यावरच शेकेल. नोकरीचाही विचार करा." तो वाईट माणूस नाही. त्याने मला खरंच सावध केलं.

बाबा अजून माझ्याशी पहिल्यासारखा बोलत नाही. मीही माफी मागत बसलेले नाही. शनिवार-रविवार मी त्याच पाड्यांवर जाते, जिथे तेव्हा जीपमधून गेले होते. काही म्हातारे वारले आहेत. जे आहेत त्यांच्यासमोर बसून अकरावा प्रश्न पुन्हा विचारते, 'सोडली' हा शब्द काढून. घरागणिक एक वही. उत्तर संपलं असं ते म्हणतील तेव्हाच संपतं. त्यांच्यातले काहीजण मला ओळखतात आणि आधी शिव्या देतात. त्याही मी लिहून घेते.

पुढच्या महिन्यात माळाच्या चौकशीची तारीख आहे. मी जबाब देणार आहे. फॉर्म माझा, शाई माझी, खोटं माझं, असं पहिल्याच वाक्यात सांगणार आहे, आणि मग वह्या उघडणार आहे. लिहून घेणारा म्हणेल, थोडक्यात सांगा. मी सांगणार नाही. शेवटची वही संपेपर्यंत मी तिथून उठणार नाही.